चादरी आणायला सोलापूरला

प्राध्यापक मंडळींना व्यवहारातले काही कळत नाही, अशी एक समजूत आहे. ती पसरवण्यात प्राध्यापकांचाच मोठा हात असतो, कारण तिच्या आडोशाने पुष्कळ कामे टळतात. पण आमच्या प्राचार्यांचा या समजुतीवर विश्वास नाही. मुलींच्या वसतिगृहाला एकशेवीस चादरी हव्या होत्या, आणि मी वसतिगृह समितीवर होते. "बाई, सोलापूरला जाऊन या. दुकानदाराच्या पुढ्यात मराठीत घासाघीस करायची आहे, तुमचाच विषय!" असे म्हणून त्यांनी समितीने मंजूर केलेला आकडा कागदावर लिहून दिला. गेल्या मे महिन्यात, रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या रचल्या जात असताना, मी सोलापूरच्या एस. टी.त बसले.

कोकणातल्या माणसाला सोलापूर म्हणजे पलंगावर अंथरलेला एक शब्द. त्यापलीकडे मला त्या गावाची ओळख नव्हती. कोल्हापूर, मिरज मागे पडले, हिरवा रंग हळूहळू विरत गेला, आणि मंगळवेढ्याच्या बाजूला आलो तेव्हा खिडकीबाहेर फक्त काळी, भेगाळलेली, रिकामी राने उरली. याच मातीत रब्बीची ज्वारी येते. हा दामाजीपंतांचा आणि चोखोबांचा मुलूख. वर्गात दुष्काळाची कथा सांगताना जी माती मी नुसती उच्चारली होती, ती डोळ्यांनी पाहिली. सोलापुरात उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती, तरी रस्ता तव्यासारखा तापलेला होता.

पहिला धक्का कानाला बसला. रिक्षावाल्याने मला "अक्का" म्हटले, शेजारच्या रिक्षावाल्याशी तो कानडीत बोलला, फोनवर कोणाला तरी दख्खनीत दटावले, आणि मला विचारले, "एकट्याच येलालाव काय?" मी क्षणभर गप्प झाले. मग उलगडा झाला. "यायला लागला आहात" एवढे लांबलचक क्रियापद या माणसाने चिमटीत धरून एवढेसे केले होते! पुण्याच्या व्याकरणाला ते पटणार नाही. पण उन्हात बोलायचे तर शब्दांतले पाणीही बेतानेच वापरावे लागत असेल, असे मला त्या घटकेला वाटले.

मराठीची अध्यापिका म्हणून गावात शिरले, आणि गावाने पहिल्याच सकाळी माझी उजळणी घेतली. ग्रामदैवत सिद्धेश्वराचे. तळ्यातले ते देऊळ पाहण्यासारखे आहेच. मे महिन्यातही पाण्यावरून वारा येतो. संक्रांतीला इथे गड्ड्याची जत्रा भरते, उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि काठ्यांच्या लग्नाला सारे शहर वऱ्हाडी होते. पण माझे लक्ष दुसरीकडेच होते. ज्यांच्या नावाचे हे देऊळ, ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर बसवेश्वरांच्या परंपरेतले वचनकार. त्यांची वचने कानडी. आणि याच सोलापुरात उत्तर पेशवाईत राम जोशी जन्मले. शास्त्रीपंडितांच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात शिरला आणि मराठी लावणीला त्याने संस्कृतचा साज चढवला. आमच्या अभ्यासक्रमात राम जोशी आहेत, सिद्धराम नाहीत. भाषेची सीमा अभ्यासक्रमाने आखलेली असते, गावाने नव्हे.

तिथून चालत हुतात्मा चौकात आले. चार पुतळे एका रांगेत उभे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावे नुसती एकापुढे एक वाचली, तरी हे गाव कोणाकोणाचे आहे ते कळते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटले. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, सरकारचा अंमल काही दिवस नाहीसा झाला, आणि इंग्रजांना इथे लष्करी कायदा पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. पुतळ्यांपाशी एक मुलगा लिंबू सरबताची गाडी घेऊन उभा होता. "चार पुतळा म्हणा, कोणीबी आणून सोडतंय," तो म्हणाला. चार माणसांचा इथे एकच पत्ता झाला आहे.

आता चादरींकडे वळते. नाही तर प्राचार्य म्हणतील, बाई पर्यटनाला गेल्या होत्या.

बाजारातल्या पहिल्याच दुकानात मला हवा तो आकडा मिळाला. किंबहुना त्याहून कमी. चादर चकचकीत, मोर ठळक, वर सोलापूरचे नाव. मला शंका आली, कारण स्वस्ताई हसतमुख असली की मी सावध होते. खोदून विचारले तेव्हा दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, सोलापुरीच आहे. फक्त सोलापूरची नाही." वाक्य व्याकरणशुद्ध होते. माल दुसऱ्या राज्यातून येतो, नाव इथले लागते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या ज्या वस्तूंना ते सर्वांत आधी मिळाले त्यांत ती आहे, हे मी वाचले होते. मी तसे म्हटले. तो म्हणाला, "मानांकन कागदावर, मॅडम. गिऱ्हाईक भाव विचारतंय."

मग मी पूर्व भागात गेले. शहराचा हा भाग तेलुगू बोलतो. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. मार्कंडेय त्यांचे दैवत, आणि नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो. गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट सुरू झाला. उंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बोटे पानावर, डोळे माझ्यावर. घरात माग आणि दारात विडी, अशा दोन आधारांवर या वस्तीतले कितीतरी संसार उभे आहेत. विडी कामगार स्त्रियांसाठी शहराजवळ कुंभारीला जी मोठी वसाहत २००६ साली उभी राहिली, तिला गोदावरी परुळेकरांचे नाव आहे. 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या लेखिकेचे नाव वाचनालयाला न देता घरांना दिले, हे मला फार आवडले.

ज्या कारखान्यात मी थांबले, त्याचे मालक सत्तरीचे. मालक म्हणायचे एवढेच. बनियनवर सुताचे तंतू, हातात तेलाचा डबा. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी पुढे बंद पडली. मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी याही गेल्या. भोंग्यावर चालणारे गाव भोंग्यावाचून जगायला शिकले, आणि घराघरांत यंत्रमाग आले.

"चादर उलटी करून बघावं, बाई," त्यांनी पहिला धडा दिला. खऱ्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसतेच. नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. मागावर जकार्डचे यंत्र बसवलेले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यातून फिरते, आणि प्रत्येक भोक ताण्यातल्या कोणत्या दोऱ्याने वर यायचे ते सांगते. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. नकली चादर उलटली की मोर फिका पडतो. कोपऱ्यात एक बाई कांड्या भरत होती, तिने मान वर न करता म्हटले, "आमचा मोर दोन्हीकडनं बघतंय."

बारा मागांपैकी चादरीचे फक्त दोन होते. बाकी दहांवर टॉवेल. टॉवेल खपतात, परदेशीही जातात. चादर जड, सूत जास्त, वेळ जास्त, आणि स्पर्धा नकलीशी. "मुलगा पुण्यात आहे. नातू विचारतोय, आजोबा, दोन माग कशाला अडवून ठेवलाव? काय सांगायचं? भंगारवाला किलोवर नेतोय बघा. माग किलोवर!"

भाव ऐकला. समितीच्या आकड्यात जेमतेम ऐंशी चादरी बसत होत्या. चाळीस मुलींना काय द्यायचे? इथे मला माझ्या वसतिगृहाची कोठी आठवली. तिथल्या जुन्या चादरी बारा वर्षांपूर्वीच्या, आणि त्याही इथल्याच. रंग उतरला आहे, कडा उसवल्या आहेत, पण मधले कापड अजून जाड आहे. मालकांना सांगितले तेव्हा ते हसले. "मग चाळीस निवडून काढा की. कडा मारून घ्या, अजून पाच वर्सं जातील." आपला माल कमी खपेल असा सल्ला देणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. मी ऐंशीची मागणी नोंदवली. रात्री ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन परतीची गाडी धरली.

समितीत अर्थातच वादळ झाले. एक सभासद अजून विचारतात की, एकशेवीस मिळत असताना ऐंशी का? मी त्यांना नव्या चादरीची दुसरी बाजू दाखवते. त्यांना ती पहिल्यासारखीच दिसते, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गठ्ठे आले. ऐंशी चादरी, मोजून बरोबर. बिलासोबत एक चिठ्ठी होती; मजकूर आजोबांचा, अक्षर बहुधा नातवाचे. 'पुढच्या वर्षी चादरी लागणार असतील तर आत्ताच कळवावे. म्हणजे दोन माग ठेवायचे की द्यायचे, ते ठरवता येईल.'

समितीची पुढची बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. ती चिठ्ठी मी विषयपत्रिकेला जोडली आहे.