घटातलं पिवळं धान

आश्विन शुद्ध प्रतिपदेला सातारा-सांगलीकडच्या घराघरांत घट बसतात. पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, तीत धान्य पेरायचं, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा आणि रोज एक माळ चढवायची. दसऱ्यापर्यंत देव्हाऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धान चांगलं उंच होतं. रंगानं मात्र पिवळं! शेतातला गहू हिरवागार, मग देवापुढचाच पिवळा का?

उत्तर पानाच्या पेशीत आहे. तिथे लवक नावाचे सूक्ष्म कण असतात. गहू-ज्वारीसारख्या वनस्पतींत हरितद्रव्य तयार होताना एक पायरी उजेडाशिवाय ओलांडता येत नाही. अंधारात लवकांमधले पापुद्रे जाळीसारखे गुंतून उजेडाची वाट पाहतात. दिसतो तो पिवळा रंग गाजरातल्या रंगद्रव्याच्या भाऊबंदांचा. उजेड मिळाला, की जाळी उकलते, सपाट पापुद्रे रचले जातात आणि काही तासांत पान हिरवं होऊ लागतं.

हिरवे झालेले हे कण पुढेही एका जागी बसत नाहीत. उजेड मंद असला, तर ते पेशीच्या उजेडाकडच्या बाजूला पसरतात. ऊन कडक झालं, की बाजूच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. वेग मिनिटाला जेमतेम मिलिमीटरचा हजारावा भाग! हुकूम सुटतो तो प्रकाशातल्या निळ्या किरणांकडून. ही धावपळ हौसेची नाही. मोहरीच्या कुळातल्या अरबिडॉप्सिस या रोपट्यावर जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. ज्या रोपांतले कण असे बाजूला सरू शकत नव्हते, त्यांची पानं प्रखर प्रकाशात करपली, हे त्यांनी २००२ साली दाखवून दिलं.

घटातल्या धानावरून पिकाचा अंदाज बांधणारी माणसं आपल्याकडे आजही आहेत. दसऱ्याच्या सुमारास रब्बीची पेरणी तोंडावर असते, तेव्हा हा अंदाज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त काय पाहायचं, ते नीट पाहावं. शंभर दाण्यांतले किती उगवले, हे बियाण्याबद्दल सांगतं. पिवळेपणा सांगतो तो देव्हाऱ्यातल्या अंधाराबद्दल. उजेड शोधण्यासाठी कोंबानं दाण्यातली शिदोरी उंचीवर खर्च केलेली असते. तेव्हा धान पिवळं दिसलं म्हणून घरच्या बाईनं मनाला लावून घेऊ नये. दसऱ्याला टोपीत खोवलेला तो पिवळा तुराही उजेडाच्याच वाटेवर असतो.