उपाहारगृहाची देखरेख

ऊस विकास अधिकाऱ्याने उपाहारगृहावर का लिहावे, असे सभासद बंधू विचारतील. काही वर्षांपूर्वी एका ऊस शिबिरात दीडशे शेतकऱ्यांच्या जेवणाची देखरेख माझ्याकडे आली होती, आणि ती मला जमली नाही, म्हणून लिहितो.

देखरेख म्हणजे वाढप्यांवर ओरडायचे आणि पंगत वेळेवर उठवायची, असा माझा समज. पोळ्या पुरल्या का, एवढेच मी पाहिले. सकाळी सातला उकडलेले बटाटे एका मदतनिसाने हाताने सोलले. ते दुपारी बारापर्यंत परातीत झाकून राहिले आणि मग फोडणीला पडले. तीनच्या व्याख्यानातून मंडळी एकेक करून उठू लागली. अकरा जणांना वांत्या. डॉक्टरांनी स्वयंपाक्यांचे हात पाहिले, तेव्हा त्या मदतनिसाच्या अंगठ्याला नखुरडे निघाले. मी चिडलो. तो म्हणाला, "साहेब, सांगितलं असतं तर आजची हजेरी गेली असती."

पू झालेल्या जखमेतले जंतू शिजलेल्या, कोमट अन्नात झपाट्याने वाढतात व विष तयार करतात. फोडणीत जंतू मरतात, विष तसेच राहते. तेव्हा 'परत उकळी दिली की झालं' हे खरे नव्हे. भातातले जंतू तर बीजरूपाने शिजण्यातूनही वाचतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काय होते ते आपण जाणतो. शिजलेल्या अन्नाचेही घड्याळ असेच चालू असते. वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवे. उरलेला भात पातेल्यात न ठेवता परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आवश्यक ठरवले होते. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे स्वयंपाकी-वाढप्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. पण नखुरडे काही वर्षाची वाट पाहत नाही. म्हणून पर्यवेक्षकाने दर पाळीच्या आरंभी हात, नखे पाहावीत आणि पोट बिघडले आहे का, हे सर्वांसमोर नव्हे, बाजूला घेऊन विचारावे. जखमवाल्याला कुपनाच्या खिडकीवर बसवावे. जुलाब झालेल्याला ते थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

आणि या दिवसांची हजेरी भरावी. ती कापली तर माणूस दुखणे लपवणारच, मग पर्यवेक्षक कितीही कडक असो.

गळीत हंगामात रात्री बारा ते आठची पाळी सर्वात अवघड. पर्यवेक्षक बहुधा घरी गेलेला असतो आणि संध्याकाळचाच भात पुढे येतो. त्या पाळीला एक जबाबदार माणूस नेमावा आणि आजारपणाची हजेरी भरून द्यावी, अशा दोन सूचना मी उपाहारगृह समितीकडे लेखी दिल्या आहेत. बॉयलर पेटण्यापूर्वी त्यांवर निर्णय व्हावा.