मुदत संपलेले लॅपटॉप

११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकदार्स कॉलेजच्या मैदानावर सुमारे दहा हजार मुलामुलींच्या हाती नवेकोरे लॅपटॉप पडले. बारावी उत्तीर्ण होणाऱ्याला लॅपटॉप देऊ, असे वचन समाजवादी पक्षाने २०१२ च्या निवडणुकीत दिले होते. उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी ते वर्षभरात पाळायला घेतले. एचपी कंपनीचे यंत्र, १४ इंची पडदा, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, सरकारला पडलेली किंमत नगाला एकोणीस हजारांच्या आसपास. चालू केले की पक्षप्रमुख मुलायमसिंह आणि अखिलेश यांची छायाचित्रे झळकत. ती पुसता येत नाहीत, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले. पुढे राज्यभरात असे सुमारे पंधरा लाख लॅपटॉप वाटले गेले.

छायाचित्रांच्या वादात एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. या यंत्रात विंडोज ७ होती आणि तिच्या शेजारी लिनक्सही होती. सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायची सोय होती. विंडोज ७ ची मुदत तेव्हाच ठरलेली होती. मायक्रोसॉफ्ट तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पर्यंतच पुरवणार होती, आणि ही तारीख गुपित नव्हती. म्हणजे मैदानावर खोके उघडले त्या दिवशी यंत्राच्या सुरक्षित आयुष्याची सात वर्षेसुद्धा उरली नव्हती. अठराव्या वर्षी लॅपटॉप मिळालेला मुलगा २०२० साली पंचविशीत असणार. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, बँकेचे खाते, आधार, पॅन हे सगळे ऑनलाइन करायचे नेमके तेच वय. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. या खोक्यावर तशी एक ओळ छापायला किती खर्च आला असता?

मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडते असे नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ते पूर्वीसारखेच चालते, गाणी वाजवते, पत्रे छापते. फरक इतकाच की त्यानंतर सापडणारी प्रत्येक फट उघडीच राहते. शिवाय नव्या विंडोजसाठी दुरुस्ती निघाली की ती उलगडून हल्लेखोर शोधतात, की हीच फट जुन्या विंडोजमध्येही आहे का. पुष्कळदा असते.

मधल्या काळात एक संधी येऊन गेली. २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ असे वर्षभर मायक्रोसॉफ्टने अधिकृत विंडोज ७ वाल्यांना विंडोज १० फुकट देऊ केली होती. पण ती उतरवून घ्यायला काही जीबी डेटा लागायचा आणि त्या काळी एकेक जीबी पैसे मोजून, जपून वापरला जाई. डेटा खातात म्हणून अपडेटच बंद करून ठेवणे हा तर सर्रास चालणारा उपाय होता. जिओची स्वस्त सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला, म्हणजे फुकटची अधिकृत मुदत टळल्यावर पाच आठवड्यांनी. लोक निष्काळजी असतात, असे या विषयावर फार सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. डेटा परवडत नसताना ज्याने अपडेट बंद केले, त्याने घरखर्चाचा विचार करून निर्णय घेतला होता. त्याची किंमत काय पडेल, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

ती किंमत जगाला १२ मे २०१७ रोजी दिसली. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे आणि पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीचे संगणक त्यात सापडले. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती. तेव्हा विंडोज ७ ची मुदत संपलेली नव्हती आणि नेमक्या त्या फटीची दुरुस्ती १४ मार्चलाच, दोन महिने आधी, आलेली होती. अपडेट बंद असलेल्या यंत्रांपर्यंत ती पोचली नाही, एवढेच. शिवाय हा विषाणू पसरायला कोणी चुकीच्या दुव्यावर टिचकी मारायची गरज नव्हती. फायली वाटून घेण्याच्या विंडोजच्या जुन्या सोयीतून तो एकाच जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाई. ‘मी अनोळखी ईमेल उघडत नाही’ ही सवय चांगलीच, पण सायबर कॅफेच्या किंवा वसतिगृहाच्या सामायिक जाळ्यात तेवढ्याने भागत नाही.

त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला केंद्र सरकारच्या सर्ट-इनने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले होते. तिथे संगणकातली घाण काढणारी साधने फुकट मिळतात. पुण्याच्या क्विक हीलचे साधनही त्यांत होते. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभी केलेली ही कंपनी, म्हणून मराठी वाचकाला तिचे अगत्य असणारच. तरीही सांगायला हवे, की अँटिव्हायरस कुठल्याही कंपनीचा असो, तो ओळखीचा चोर पकडतो. खाली विंडोजला पडलेले भगदाड बुजवणे त्याच्या हातात नाही. जुन्या यंत्रावर अँटिव्हायरस टाकून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात, आणि मला त्यांचीच काळजी जास्त वाटते.

बँकांच्या बाबतीत मात्र नियामकाने वेगळी शिस्त दाखवली. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली होती, तरी अनेक एटीएम तिच्यावरच चालत. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत, ती काढून टाकायला सांगितले. फुकट वाटलेल्या लॅपटॉपसाठी असे परिपत्रक काढण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

मग १४ जानेवारी २०२० उजाडली. दहा आठवड्यांनी टाळेबंदी आली आणि वर्ग ऑनलाइन झाले. कपाटात पडलेली यंत्रे अशा वेळी पुन्हा बाहेर निघतात. मोठ्याचा लॅपटॉप धाकट्याकडे जातो. नेमके मुदत उलटल्यावर त्यांचे काम वाढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमनेही विंडोज ७ सोडली. तिथे १०९ ही त्याची शेवटची आवृत्ती. फायरफॉक्स जास्त दिवस थांबले. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला मोझिला जुन्या विंडोजवर सुरक्षा-दुरुस्त्या देत राहिली आणि ती मुदत तिने एकाहून अधिक वेळा वाढवली. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही नियमित मुदत संपली आहे. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास तिथून आणखी वर्षभर दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने देऊ केल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणून ती विंडोज २०१३ च्या यंत्रावर अधिकृतपणे बसत नाही.

लखनौतल्या लालबागच्या नाझा मार्केटमध्ये किंवा कुठल्याही शहराच्या संगणक बाजारात जुना लॅपटॉप नेला की फॉरमॅट मारून, क्रॅक केलेली विंडोज टाकून देणारा कोणी ना कोणी भेटतो. ते करू नये. परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या त्या फायलींतूनच पुष्कळदा पासवर्ड चोरणारे प्रोग्राम घरात येतात.

खरा मार्ग त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होता. लिनक्सलाही मुदत असते, पण नवी आवृत्ती फुकट मिळते आणि हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर चालतात. सी-डॅकची बॉस लिनक्सही आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन, हार्डडिस्कला हात न लावता आधी चालवून बघता येते. रॅम २ वरून ४ जीबी केली आणि साधी एसएसडी बसवली तर ब्राउझर बऱ्यापैकी पळतो. लोक लिनक्सकडे का वळले नाहीत, याची कारणे मात्र खरी आहेत. हिंदी टंकलेखनाच्या परीक्षेसाठी कृतिदेव फाँटचा सराव लागतो, दुकानाच्या हिशेबाला टॅली लागते. महाराष्ट्रात श्रीलिपीवर हात बसलेल्यांची अडचणही हीच. त्यांनी विंडोज पुसण्याचे कारण नाही. वायफाय कायमचे बंद करून तिच्यात टंकलेखन आणि हिशेब करावेत, आणि इंटरनेटसाठी यंत्र लिनक्समध्ये सुरू करावे. फाइल नेण्या-आणण्याचा पेन ड्राइव्ह एकच ठेवावा, तो झेरॉक्सच्या दुकानात लावू नये. बँकेचे काम शक्यतो अपडेट मिळत असलेल्या फोनवरच करावे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

२५ डिसेंबर २०२१ ला लखनौच्याच एकाना स्टेडियमवर योगी आदित्यनाथ सरकारने ६० हजार स्मार्टफोन आणि ४० हजार टॅबलेट वाटायला काढले. पक्ष बदलला, मैदान बदलले. अँड्रॉइडच्या स्वस्त फोनना सुरक्षेच्या दुरुस्त्या अनेकदा दोन-तीन वर्षेच मिळतात, म्हणजे त्यांपैकी कित्येकांची मुदत एव्हाना संपलेली असेल. ज्यांच्या घरात असा फोन आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख बघावी. ती वर्षभराहून जुनी निघाली, तर त्या फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे अ‍ॅप आजच काढून टाकावे.