अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेपूर्वी

दूरच्या पहाडी पदयात्रेस निघणारा माणूस प्रथम बुटांची चौकशी करतो, मग पाठपिशवीची, आणि तिकीट काढून झाल्यावर उरलेल्या रजेत मुक्काम बसवू लागतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी मुक्काम ठरवावेत. रजा त्यांना पुरत नसेल तर जाणे पुढल्या वर्षावर टाकावे.

नेपाळातील अन्नपूर्णा पर्वतसमूहाभोवतीची वाट उदाहरणादाखल घेऊ. बेसीसहर हे तिच्या आरंभाचे गाव सुमारे ७६० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आमच्या बेळगावाइतकेच. तेथून मर्स्यांग्दी नदीच्या खोऱ्याने चढत वाट मनांगला साडेतीन हजार मीटरांवर पोचते आणि पुढे थोरांग ला या खिंडीत ५,४१६ मीटरांची उंची गाठते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. ही खिंड त्याच्या तिपटीहून उंच. पलीकडे मुक्तिनाथ, आणि त्याखाली काळी गंडकीचे पात्र. शेजाऱ्यांच्या देवघरांत लहानपणी पाहिलेले शाळिग्राम याच नदीतले.

खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही निम्म्याच्या आसपास. शरीर या उणिवेशी जुळवून घेते, परंतु त्याला दिवस लागतात, आणि त्यात धट्ट्याकट्ट्या तरुणाला कोणतीही सवलत नाही. उलट तो भरभर चढतो म्हणून पुष्कळदा तोच आधी आजारी पडतो. तेव्हा नियम असा की, तीन हजार मीटरांनंतर आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरांहून अधिक उंचीवर झोपू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तेथेच राहावे. दिवसा वर फिरून रात्री खाली झोपावयास येण्यास हरकत नाही; त्याने लाभच होतो. म्हणून मनांगला निदान दोन रात्री, मग याक खर्क, मग खिंडीच्या पायथ्याचे थोरांग फेदी, असे टप्पे पाडतात.

हल्ली मोटाररस्ता थेट मनांगपर्यंत गेला आहे. सोय झाली खरी, पण धोकाही वाढला. पायांनी आठवडाभरात चढावयाची उंची चाके दोन दिवसांत चढवतात. वाचलेले दिवस वरच विश्रांतीत खर्चावे. डोके दुखून मळमळू लागले तर पुढे चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बुद्धी भ्रमली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे. असेटाझोलामाइड नावाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, परंतु ते दिवसांची जागा घेत नाही. १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र मनांगला आहे. हंगामात तेथील डॉक्टर याच विषयावर व्याख्याने देतात. ती चुकवू नयेत.

दोन दिवस राखीव हवेतच. ऑक्टोबर हा या वाटेचा उत्तम महिना मानतात. तथापि १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यास लागले, आणि दोनच दिवसांनी त्याच्या अवशेषांनी थोरांग परिसरात प्रचंड हिमवर्षाव केला. पदयात्री, वाटाडे, हमाल व स्थानिक मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. ज्याच्या परतीच्या गाडीचा दिवस बांधलेला असतो, त्याला आकाश भरून आलेले असतानाही थांबणे कठीण जाते.

ओझ्याविषयी थोडक्यात. वाटेवर जेवणाखाण्याची व निजण्याची सोय असल्याने तंबू व शिधा लागत नाही. दहा किलोंत भागते. हमाल घेतला, तर त्याच्याजवळ ऊबदार कपडे व बूट आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी पाहणे आपले काम.

खिंडीसाठी फेदीहून पहाटे अंधारातच निघतात, कारण दिवस वर येताच तेथे वारा उठतो. खिंडीतून मुक्तिनाथ सुमारे १,६०० मीटर खाली, आणि तो सारा उतार त्याच दिवशी. तेव्हा निघण्यापूर्वीचे दोन महिने, पाठीवर वजन घेऊन, चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करावा.