आयदर ऑर सर्व्हायव्हर

अमळनेरला एका बँकेच्या पायरीशी आप्पा नावाचे एक निवृत्त कारकून लोकांचे फॉर्म भरून देतात. धुळ्याचे एक नातेवाईक त्यांच्याकडे जाऊन आले आणि म्हणाले, "तो माणूस आधी मरणाचं विचारतो." एवढ्यावरून मी गेलो.

कापसाचे पैसे खात्यावर यायचे दिवस. आप्पांच्या मांडीवर फॉर्मांची चळत, शेजारी अंगठ्याची शाई. तिचा उग्र वास माझ्या बोटांना नंतरही येत राहिला. नाव, आधार, फोटो, सही हे सगळं भराभर उरकतं. मग 'खातं कोण चालवणार' हा रकाना येतो आणि आप्पांचं पेन थांबतं.

समोर एक म्हातारं जोडपं. आप्पा म्हणाले, "आयदर ऑर सर्व्हायव्हर. दोन्हीस्माईन कोनी बी एक. एक गया, ते दुसरानं." म्हातारबुवांना हा विषयच नको होता. बाईंनी मात्र विचारलं, "मी उरनू ते?"

सगळा फॉर्म या प्रश्नासाठी असतो. 'आयदर' लिहिलं की दोघांपैकी एकाच्या सहीवर पैसे निघतात. एक गेला आणि न्यायालयाची मनाई नसेल, तर बँक शिल्लक मागे राहिलेल्याला देते. वारसांचा हक्क त्यानं बुडत नाही, पण किराणाही अडत नाही. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत दुसऱ्याच्या सहीला किंमत नाही. आणि 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोन सह्या. एक गेला की दुसऱ्याची एकटी सही चालत नाही, वारसांची कागदपत्रं मागतात.

"दहातले आठ जण न विचारता सही करतात," आप्पा म्हणाले. हा त्यांच्या पायरीवरचा अंदाज. मला तो कमीच वाटला. पुरुष हौसेनं आपलं नाव पहिलं घालतात, बायका अंगठा पुढे करतात. संयुक्त खातं म्हटलं की दोघांना सारखा अधिकार, अशी समजूत असते. तसं नसतं.

खरी मेख मुदत ठेवीत आहे. 'आयदर' असलं तरी मुदत पुरी झाल्यावरच एक सही पुरते. आधी मोडायची तर दोन लागतात. मधेच एक जण वारला, तर मागे राहिलेल्याला मुदतीआधी पैसे मिळावेत अशी दोघांची संमती आधीच लेखी हवी. नाहीतर वारसांचा होकार गोळा करत फिरा. आणि नॉमिनीचा नंबर दोघंही गेल्यावर लागतो. हे मुलांना ठाऊक नसतं, म्हणून घरात भांडणं होतात.

ग्राहकांसाठीची छापील कागदपत्रं इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण फॉर्म मराठीत असून भागत नाही. पासबुकात संगणक जी ओळ उमटवतो, ती बहुधा इंग्रजीच. दहातले आठ जण ती वाचत नसतील, तर दोष निव्वळ त्यांचा मी मानणार नाही. हे समजावणं काउंटरच्या आतलं काम आहे, पायरीवरच्या पेन्शनरचं नव्हे.

त्या जोडप्याचं 'आयदर' झालं. बाईंनी अंगठा न देता सही केली, वेळ लावून.

तुमच्या घरचं पासबुक काढा. पहिल्या पानावर नावांच्या आसपास ती ओळ सापडेल. 'जॉइंटली' किंवा 'फॉर्मर' असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर दोघं मिळून शाखेत जा आणि अर्ज द्या. दोघांच्या सह्या लागतील, म्हणून दोघं आहात तोवरच जा.