लाकडाखालचं कडं

जुन्या यंत्राची किंमत ठरते कशी, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा घड्याळं, कॅमेरे, मोटारी असे ओळखीचे विषय समोर होते. मी ब्राउनिंग ऑटो-५ ही शॉटगन निवडली, कारण तिची किंमत ठरवणारी गोष्ट बाहेरून दिसतच नाही. ती बघायची तर नळीखालचं लाकूड, म्हणजे फोरएंड, उतरवावं लागतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराने मला हे पहिल्याच भेटीत बजावलं. गिऱ्हाईक दस्त्याची चमक बघतं, नक्षी बघतं आणि पैसे मोजतं. टोपी फिरवून फोरएंड काढायला दोन मिनिटं लागतात, पण तेवढं कुणी करत नाही, ही त्यांची खंत.

या बंदुकीचा इतिहास याच राज्यातल्या ऑग्डेन गावात सुरू होतो. तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत जॉन मोझेस ब्राउनिंगच्या नावाचं संग्रहालय आहे. १८५५ साली जन्मलेला हा माणूस वडिलांच्या बंदुकीच्या दुकानात घडला. विंचेस्टर कंपनीला त्याने अनेक रचना एकरकमी विकल्या होत्या. गोळीच्या धक्क्यावर स्वतःच पुढचं काडतूस भरणारी ही शॉटगन मात्र त्याला प्रत्येक नगामागे मोबदला घेऊन द्यायची होती. विंचेस्टरने नकार दिला. मग तो रेमिंग्टनकडे गेला, पण जानेवारी १९०२ मध्ये तो भेटीसाठी थांबलेला असतानाच कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली वारले. शेवटी तो बेल्जियमला गेला. लिएज शहराजवळच्या हर्स्टलमधल्या एफएन कारखान्याने बंदूक स्वीकारली, आणि पुढची कित्येक दशकं ती तिथे बनत राहिली. रेमिंग्टननेही नंतर परवाना घेऊन तीच रचना मॉडेल ११ या नावाने काढली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मुख्य उत्पादन जपानच्या मिरोकू कारखान्यात गेलं आणि १९९८ पर्यंत चाललं. ब्राउनिंग स्वतः १९२६ मध्ये हर्स्टलच्या कारखान्यातच वारला.

कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक पाहिलेल्या वाचकाला नळी ही जागची न हलणारी वस्तू वाटते. ऑटो-५ मध्ये नळीच मागे येते. चाप ओढला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर मागे सरकतात. मग बोल्ट मागेच थांबतो आणि नळी एकटी पुढे जाते. रिकामं काडतूस बाहेर पडतं, बोल्ट सुटतो आणि नवं काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याला दिसण्याआधी होऊन जातं.

इथे एक अडचण होती. बदकांच्या शिकारीचं जड काडतूस जोरात धक्का देतं, लाव्यासारख्या छोट्या पक्ष्यासाठीचं हलकं काडतूस कमी. मागे आलेल्या नळीला पुढे ढकलणारी एकच स्प्रिंग दोन्हींना पुरणार कशी? ब्राउनिंगने नळीखालच्या, काडतुसं साठवणाऱ्या मॅगझिनच्या नळकांड्यावर स्प्रिंगच्या जोडीला ब्राँझचा एक चिरलेला तुकडा आणि पोलादाचं एक कडं बसवलं. जड काडतुसांसाठी कडं स्प्रिंगच्या पुढे घालायचं, त्याची उतरती कड ब्राँझकडे करून. धक्का बसला की उतारामुळे ब्राँझ आवळला जातो, नळकांड्याला घट्ट धरतो आणि मागे येणाऱ्या नळीचा वेग मोडतो. हलक्या काडतुसांसाठी तेच कडं स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला (बंदुकीच्या मधल्या पेटीला) टेकवून ठेवायचं, म्हणजे त्याचा दाब निघून जातो. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने लावायचा हा ब्रेक आहे. स्क्रू नाही, खटका नाही, फक्त एका कड्याची जागा. शंभरावर वर्षांपूर्वी इतक्या थोड्या धातूत हा प्रश्न सोडवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कारागिराच्या टेबलावर तीन ऑटो-५ उघडून ठेवलेल्या होत्या. त्यांची तपासणी ठरलेल्या क्रमाने चालते. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री, डोळ्याने आणि बोटानेही. मग दस्ता जमिनीवर टेकवून नळी पूर्ण खाली दाबायची आणि सावकाश सोडायची. नळी वर यावी, बोल्ट मागेच अडकून राहावा. त्यानंतर फोरएंड. कड्याचा क्रम बरोबर आहे का, ब्राँझ झिजला आहे का, लाकडाला आतून चीर आहे का. अनेक बंदुकांत फोरएंडच्या आतल्या बाजूला कड्यांच्या जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असे. तरीही टेबलावरच्या तीनपैकी एका बंदुकीत कडं हलक्या काडतुसांच्या जागी होतं आणि लाकूड दोन्ही बाजूंनी तडकलेलं होतं. कुणीतरी ती वर्षानुवर्षं जड काडतुसांवर चालवली असावी. बाहेरून तीच सगळ्यात देखणी होती.

मग स्क्रूंच्या खाचा. घसरलेल्या, रुंदावलेल्या खाचा म्हणजे अनाडी हात. कडा गोल झालेल्या आणि अक्षरं पुसट झालेली म्हणजे घासून नव्याने काळा-निळा मुलामा दिलेला. संग्राहक अशा बंदुकीचे पैसे लगेच कमी करतो. हाताळून फिका झालेला मूळ रंग त्याला चालतो, नवा चढवलेला चालत नाही. नळीवर लिएजच्या परीक्षण केंद्राच्या खुणा शोधायच्या. हे केंद्र १६७२ पासूनचं आहे. बेल्जियमच्या बंदुकीला सहसा जपानच्या बंदुकीपेक्षा जास्त मान मिळतो, आणि हलकी सोळा बोअरची ‘स्वीट सिक्स्टीन’ बारा बोअरपेक्षा जास्त भाव खाते.

आता खऱ्या अडचणी. नळी टोपी फिरवून निघते, म्हणून ती बदललेलीही असते. बेल्जियमच्या रिसीव्हरवर जपानची नळी उत्तम चालेल, पण संग्राहकाच्या लेखी ती मूळ जोडी उरत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या सोळा बोअरच्या नळ्यांमध्ये काडतुसाची खोली सुमारे ६५ मिलीमीटरची असते, आजचं काडतूस ७० चं. लांब काडतूस त्या खोलीत शिरतं, आणि धोका तिथेच आहे, कारण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. कुणी खोली कापून वाढवली असेल तर काम कुणी आणि कसं केलं, हा नवा प्रश्न उभा राहतो. बेल्जियमच्या जुन्या नळ्यांतून पोलादी छर्रे उडवू नयेत असं कंपनीच सांगते, आणि अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. म्हणजे ज्या कामासाठी बंदूक प्रसिद्ध झाली, त्याच कामासाठी आज दुसरे, महागडे छर्रे घ्यावे लागतात.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ब्राउनिंगच्या काही बंदुकांचं अक्रोडाचं लाकूड मीठ वापरून सुकवलेलं होतं. ते मीठ हवेतली ओल ओढतं आणि लाकडाला टेकलेलं पोलाद आतून गंजवतं. ऑटो-५ मध्ये हा दोष कमी आढळतो, तरी त्या वर्षांची बंदूक असेल तर दस्त्यामागच्या पट्टीचे स्क्रू काढून बघावेत. गंज तिथे आधी दिसतो. विकणारा स्क्रू काढू देत नसेल, फोरएंड उतरवू देत नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

सगळ्यात मोठी अडचण माणसांची आहे. सुटे भाग अजून मिळतात, पण कुठली स्प्रिंग दमली आहे आणि ब्राँझ किती झिजला की बदलायचा, हे हाताला कळणारे कारागीर म्हातारे होत चालले आहेत. माझ्यापुरता मी एक निकष घेऊन आलो. घासून चमकवलेल्या ऑटो-५ पेक्षा रंग उडालेली, दस्त्यावर ओरखडे असलेली, पण कडं योग्य जागी आणि लाकूड आतून अखंड असलेली बंदूक अधिक मोलाची आहे. तिच्या आधीच्या प्रत्येक मालकाने तो कागद वाचला होता आणि त्याप्रमाणे वागला होता. बाजारभावाच्या पुस्तकात या सांभाळणुकीसाठी वेगळा रकाना नसतो, म्हणून ती विकत घेणाऱ्यानेच स्वतःहून मोजायला हवी.