विहिरीचं पाणी तेच, हात वेगळा

डिसेंबरच्या पहाटे यवतमाळकडच्या वावरात हरभऱ्याला ओलित सुरू असतं. मोटर चालू केली की पाइपाच्या तोंडातून पाणी येतं आणि त्यावर वाफ तरंगते. गारठलेली ओंजळ खाली धरली, की कुणी पाणी तापवून पाठवलंय असं वाटतं. मे महिन्यात पारा 44 अंशांवर असताना त्याच पाण्यानं तोंड धुतलं, तर जीव गार होतो.

दोन्ही वेळी थर्मामीटर धरून पाहा. आकडा जवळपास एकच येतो, साधारण 27 अंश. जमिनीखाली काही मीटरवर उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. तिथलं पाणी त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं.

मग फरक पडतो कुठे?

आधी कातडीत. कातडी तापमानाचा आकडा वाचत नाही. उष्णता अंगात येतेय की अंगातून जातेय आणि किती वेगानं, एवढंच तिला कळतं. पहाटे हात पाण्याहून थंड असतो, म्हणून उष्णता हातात येते. मे महिन्यात हात पाण्याहून गरम असतो, म्हणून ती हातातून जाते. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं 1690च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं होतं: एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागू शकतं. घरी करून बघा. एका भांड्यात गार, दुसऱ्यात सोसवेल इतपत गरम आणि मधल्यात कोमट पाणी घ्या. दोन हात दोन टोकांच्या भांड्यांत मिनिटभर ठेवून एकदम मधल्यात घाला. दोन हात दोन वेगळ्या गोष्टी सांगतील.

दुसरा वाटा अपेक्षेचा. मेंदू कातडीच्या निरोपाची वाट बघत बसत नाही, आधीच अंदाज बांधून ठेवतो. चहा आणि बंबाचं पाणी बघत आपण मोठे होतो, म्हणून वाफ दिसली की पाणी गरम असणार हे मनात ठरून जातं. खरं तर बाहेरची हवा पुरेशी थंड असेल, तर 27 अंशांच्या पाण्यावरही वाफ दिसते. जिल्ह्यातल्या कापेश्वरच्या गरम झऱ्यावर जाणाराही पाय बुडवण्याआधीच ‘गरम’ हा शब्द ऐकून आलेला असतो.

2007 साली मोझली आणि आर्न्ट्झ या संशोधकांनी हे तपासलं. उणे 20 अंशांची धातूची कांडी लोकांच्या हाताला क्षणभर टेकवली आणि सोबत कधी लाल, तर कधी निळा दिवा दाखवला. कांडी तीच होती. तरी लाल दिव्यासोबत ती जास्त गरम लागली आणि जास्त दुखली.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत थोडंच अंतर असेल, तर मेंदू अनुभवाला अपेक्षेकडे ओढून घेतो. अंतर मोठं असेल तर उलट होतं, आपण दचकतो. मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळातून पायावर पडलं, की पाय झटकन मागे येतो, तो यामुळेच.

पण अपेक्षेनं फक्त जाणीव बदलते, पाणी नाही. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं, मनात काहीही असो. म्हणून बाळाच्या आंघोळीचं पाणी विसणताना आधी गार पाणी घ्या, मग त्यात गरम ओता. कढत पाण्यात वावरलेल्या हाताला पोळणारं पाणीही कोमट वाटू शकतं, तेव्हा त्या हातावर विसंबू नका. कोपर बुडवून पाहा. थर्मामीटर असेल तर 37-38 अंश दिसू द्या, मगच बाळाला पाण्यात घ्या.